वहिनीचा मसाला आणि बिनचौकटीचं किचन

कुरवंड्यात घर बांधताना आधी दाराची चौकट उभी करतात. तिला हळदकुंकू लावतात, वर आंब्याची डहाळी बांधतात, नारळ फोडतात, आणि मग भिंती तिच्या आधाराने वर येतात. अशा गावात माझ्या थोरल्या भावाने चौकटच नसलेलं स्वयंपाकघर आणलं. ते बघायला मी लोणावळ्याहून गेलो नसतो, तर जन्मातला एक मोठा आनंद हुकला असता.

दादाचं घर नागफणीच्या सुळक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं डोंगर चढतात, भिजतात, घसरतात, फोटो काढतात आणि उतरतात तेव्हा त्यांना कडकडून भूक लागलेली असते. दाराबाहेर घरगुती जेवणाची पाटी लावून वहिनी त्यांना जेवायला घालते. मटणाचा रस्सा, भाकरी, इंद्रायणीचा भात. मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्यात, त्यात कुणी मुक्कामही करतं. हा सगळा व्याप वहिनीच्या हातावर चालतो. दादा पाहुण्यांच्या गाड्या मागे घ्यायला मदत करतो आणि त्याबद्दल स्वतःला मालक म्हणवतो.

वहिनीच्या रश्श्याचं सगळं गुपित तिच्या मसाल्यात आहे, आणि ते गुपित मुळीच नाही. ती तो वैशाखात अंगणात बसून, गावाला ठसका लावत करते. मिरच्या गच्चीवर उन्हात कडक होतात, खोबरं-कांदा वाळतो, लसूण सोलता सोलता आख्खी आळी एकमेकींची उणीदुणी काढते. वर्षाचा मसाला एकदाच होतो, कारण पुढचं ऊन थेट दिवाळीनंतर भेटतं. आमच्याकडे पावसाळ्यात ढग नुसते वर नसतात. ते दारातून आत येतात, पलंगावर बसतात, उशीत शिरतात. अशा हवेत मसाल्याला एकदा ओल लागली की गाठी धरतो, मग बुरा येतो, मग संपलं. वहिनी दर पावसाळ्याच्या तोंडाला एकच वाक्य बोलते. "ज्या दिशी पुडीतला मसाला घालायची पाळी यील, त्या दिशी भाईरची पाटी काडून चुलीत घालीन."

ती तसं करेल, याबद्दल घरात कुणालाही शंका नाही.

तर दादाच्या डोक्यात किचन कुठून आलं? पाहुण्यांकडून. कुणीतरी फोनवर त्याला कुठल्याशा बंगल्याचे फोटो दाखवले. त्या फोटोंत पांढरंशुभ्र स्वयंपाकघर होतं. डबा नाही, बरणी नाही, लसणाची माळ नाही, कडी नाही, मूठ नाही. तिथे कधी कुणी जेवलं असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. दादा त्या फोटोच्या प्रेमात पडला. महिनाभर तो गावात भेटेल त्याला थांबवून फ्रेमलेस म्हणजे काय ते समजावत होता. पारावर असो की अंगणात, तो दोन्ही हातांनी हवेत कपाट काढायचा.

"जुन्या कपाटाला म्होरनं लाकडाची चौकट असती. दार त्या चौकटीत बसतं. म्हंजी चौकटीनं जागा खाल्ली, व्हय का न्हाई? डबा आडकला, हात आडकला. ह्याला चौकटच न्हाई! खोका हाच सगळा. बिजागरी आतल्या अंगाला. दार खोक्याच्या कडंवर असं झाकून बसतं. भाईरनं निस्ती दारं दिसत्यात, एकाला एक लागून."

"आन् चौकट न्हाई तर दार उभं कशावर?" शेजारच्या मावशींनी विचारलं. या मावशी वहिनीच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि कानाला कान.

"खोक्यावर, मावशी."

"आन् खोका कशावर?"

"पायावर. खाली प्लास्टिकचं पाय असत्यात."

मावशींनी वहिनीकडे अशा नजरेने पाहिलं की जणू नवरा गांजा ओढायला लागलाय.

पुण्याहून डिझायनर आली. तरुण मुलगी, चुणचुणीत, आणि बोलायला स्वच्छ. मला ती आवडली, कारण ती दादापेक्षा कमी बोलत होती आणि सगळं खरं बोलत होती. तिने भिंतीवर लेझरची लाल रेघ मारली. त्या रेघेने आमच्या वडिलांनी बांधलेली भिंत किती वाकडी आहे ते सगळ्या घराला दाखवलं. वडील असते तर ते भिंतीच्या बाजूने भांडले असते. मुलगी म्हणाली, "चौकट असली की थोडं वाकडं असलं तरी झाकून जातं. फ्रेमलेसला लपायला जागा नसते. दोन दारांमध्ये नाण्याएवढी फट राहते. म्हणून सगळं काटकोनात बसायला हवं."

हे वाक्य मी लग्नाळू मुलांना सांगत असतो, पण ते असो.

वहिनीने इतका वेळ पदराला हात पुसत ऐकून घेतलं होतं. तिने एकच प्रश्न विचारला. "आत हवा कुटनं जाती?"

"जातच नाही, काकू. धूळ नाही, झुरळ नाही."

"आन् ओल?"

मुलीने त्यावर चांगलं उत्तर दिलं. म्हणाली, बोर्ड आतून भुशाचा असतो, त्याला पाणी चालत नाही, म्हणून प्रत्येक कडेला चिकटवलेली पट्टी असते. ती पट्टी शाबूत तर किचन शाबूत. इथली हवा बघता तुम्ही चांगल्या प्लायचं घ्या, असंही तिने बजावलं. दादाने भुशाचंच घेतलं, कारण त्या चकचकीत पांढऱ्या रंगाचा नमुना त्याने हातात धरला होता आणि तो खाली ठेवायला त्याचं मन होईना.

किचन बसलं त्या दिवशी मी हजर होतो. फिटर निघून गेले आणि मावशी पूजेचं ताट घेऊन आल्या. नवीन बांधकाम म्हटल्यावर हळदकुंकू नको का? त्या ताट घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या. सगळीकडे नुसती चकचकीत पांढरी दारं, आणि दारांत त्यांचाच चेहरा.

"लावू कुटं? चौकट तर न्हाई."

"कुठंबी लावा, मावशी," दादा उदारपणे म्हणाला, आणि मावशींचं बोट दाराजवळ जाताच किंचाळला, "तितं नको! डाग पडंल!"

शेवटी मावशींनी ते कुंकू दादाच्या कपाळाला लावलं. "तूच आता ह्या किचनची चौकट," म्हणाल्या, आणि नारळ बाहेर जाऊन फोडला.

त्यानंतरचे दिवस मला फार आवडले. मी काही ना काही निमित्त काढून जायचो. मूठ नसल्याने दार दाबून उघडायचं होतं. दाबलं की ते आपणहून पुढे येतं. हे वहिनीच्या हाताला कळलं, पण कंबरेला कळलं नाही. ती ओट्याशी वळली की धक्क्याने मागचं दार उघडायचं, ते मिटायला वळली की पुढचं. भाकरी थापता थापता निम्मं किचन उघडं पडायचं आणि दादा मागून एकेक मिटत फिरायचा. डबे सगळे आत गेल्याने ती चहा करताना पिठाचं दार उघडायची आणि पीठ काढताना कोपऱ्यातलं. कोपऱ्यातल्या खणात सगळ्यात खोल, सगळ्यात मागे तिने मसाल्याची चिनी मातीची बरणी ठेवली होती. तोंडाला दुहेरी फडकं बांधून, वर हिंगाचा खडा ठेवून.

पण खरा घाव होता तो दारं आपटता न येण्याचा. लग्न झाल्यापासून वहिनीचा राग कपाटाच्या दारातून बोलायचा. एक धाडकन म्हणजे भाजी आणायला विसरलात. दोन म्हणजे तुमची बहीण येणार आहे हे मला आधी का नाही सांगितलं. नवी दारं आपटली की ती निम्म्या वाटेत थबकायची आणि मग हळूच, समजूत घातल्यासारखी मिटायची. मी स्वतः पाहिलं. वहिनीने अंगातल्या सगळ्या जोरानिशी दार लोटलं आणि ते असं अलगद बंद झालं की तिला स्वतःलाच हसू फुटलं.

"भांडान बी करू देत न्हाई मेलं," ती म्हणाली.

"घरात शांती आली बघ," दादा मला म्हणाला. त्या क्षणी वहिनीने पळी ग्रॅनाइटच्या ओट्यावर जी मारली, तिचा आवाज भुशी धरणापर्यंत गेला असेल.

आणि मग पाऊस लागला. तो लागला की आमच्याकडे प्रत्येक घरातली एक गोष्ट ठरलेली असते. कपड्यांच्या कपाटात पिवळा बल्ब लावायचा. दिवसभर, बंद दाराआड, बल्ब जळत राहतो. त्याच्या उबेने कपडे कुबट होत नाहीत, लग्नाची साडी वाचते, कागदपत्रं वाचतात. आमच्या घरात तर लहानपणी आम्ही शाळेचा गणवेश त्या कपाटातून गरमागरम काढायचो, पुरीसारखा. हल्लीचे पांढरे बल्ब त्या कामाचे नाहीत. वहिनीच्या भाषेत, "ते निस्तं उजेड पाडत्यात, ऊब देत न्हाईत." म्हणून तिने जुन्या पिवळ्या बल्बांचा साठा करून ठेवलाय आणि तो दागिन्यांच्या शेजारी असतो.

कोपऱ्यातला खण उघडल्यावर तिला वास आला. कुबट वास. त्यात हवा नाही म्हणून शेजारच्या खणातला सुक्या बोंबलाचा वासही कुठे गेला नव्हता. तो साखरेत गेला होता. तिने मसाल्याची बरणी पोटाशी धरून हुंगली. मसाला ठीक होता, पण अजून अख्खा पावसाळा जायचा होता. मग तिने तेच केलं जे तिच्या आईने, सासूने, आणि लोणावळ्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. कोपऱ्याच्या खणात एक आणि बोंबलाच्या खणात एक, असे पिवळे बल्ब लावले.

याला घरात कुणीही विरोध केला नाही. मावशी म्हणाल्या, बेस केलं. मी म्हणालो, वा. दादाची तक्रार एवढीच होती की वायरीमुळे दार पुरतं मिटत नाही आणि फट नाण्याऐवजी बोटाएवढी दिसते. त्याने वायर मागच्या बाजूने, गॅसच्या नळीच्या भोकातून घेतली आणि दारं घट्ट मिटवली. आता त्या बंद खोक्यांत बल्ब एकटे होते. ते दिवसामागून दिवस, इमानदारीने, तापत राहिले.

पट्टी गोंदाने चिकटवलेली असते. गोंद गरम झाला की मऊ होतो. आधी एका दाराची कड सुटली आणि जिभेसारखी बाहेर लोंबायला लागली. मग दुसऱ्याची. दादाने त्या पट्ट्या थुंकीने चिकटवायचा प्रयत्न केला. उघड्या पडलेल्या भुशाने मावळातली हवा प्यायला सुरुवात केली, आणि ती हवा आमच्याकडे फुकट आणि भरपूर आहे. कडा फुगल्या. जुन्या कपाटात दार फुगलं तर चौकटीला घासलं असतं आणि करकरलं असतं, एवढंच. इथे दोन दारांच्या मध्ये चौकट नव्हती. दार फुगलं ते थेट शेजारच्या दाराच्या अंगावर गेलं.

आता आखाड. श्रावण लागायच्या आत जेवढं मटण खायचं तेवढं खाऊन घ्यायचं, ही आमच्याकडे श्रद्धा आहे. त्या रविवारी मोठा गट यायचा होता, पुण्याची तीन-चार कुटुंबं. त्यांनी दादाने पाठवलेले पांढऱ्या किचनचे फोटो बघून नव्हे, तर आधीच्या वर्षी खाल्लेल्या रश्श्यासाठी जेवण सांगितलं होतं. पण फोटोही बघितले होते, आणि दादा रश्श्याचा भाग सगळीकडे गाळून सांगत होता.

मी मदतीला म्हणून, म्हणजे जेवायला म्हणून, सकाळीच पोचलो. मटण चुलीवर चढलं होतं. रोजच्या वापराचा छोट्या डब्यातला मसाला आदल्या दिवशी संपला होता. वहिनी कोपऱ्यातल्या खणाशी बसली, दार दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दार आतही जाईना, बाहेरही येईना. दोन्हीकडच्या दारांनी त्याला खांद्याला खांदा लावून पकडलं होतं. धरायला मूठ नाही. उचकटायला चौकट नाही, चाकू अडकवावा अशी फट नाही.

"भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाली, आणि मला तिच्या त्या शांतपणाचीच भीती वाटली, "मसाला आत हाय."

दादाने दार दोन्ही पंजांनी ओढून पाहिलं. पंजे चकचकीत पृष्ठभागावरून घसरत होते. मावशी म्हणाल्या, "कुऱ्हाड आनू का?"

"कुऱ्हाड!" दादा दाराला पाठ लावून उभा राहिला. "आदी मला मारा!"

"तुमास्नी मारून दार उघडंल का?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज मात्र या वेळी थोडा हलला. "आवो, मानसं यायची वेळ झाली. दुकानातली पुडी आनू म्हंता? सांगा. आनते. आन् संध्याकाळी पाटी काडते."

दादा दारापासून बाजूला झाला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा किचनकडे पाहिलं नाही.

मी डिझायनरला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण फुगलं कसं? पट्ट्या होत्या ना?"

"बल्ब लावलं व्हतं आत," वहिनी म्हणाली.

पलीकडून एकेक शब्द आला. "बल्ब? आत? चालू?"

"व्हय. पिवळे."

"का पण, काकू?"

"तुमच्या पुन्याला ढग घरात येत न्हाईत, बाई."

ती हसली, आणि मग तिने आमची सुटका केली. जे दार अजून उघडतंय ते आधी उघडा, म्हणाली. आत बिजागरीच्या मागे एक खटका आहे, तो उचला, दार हातात येईल. नुसतं उघडून भागणार नाही, बिजागरीच्या बाजूने ते शेजारच्याला दाबतच राहील. ते काढलं की शेजारच्याला जागा होईल, मग ते काढा. तसंच कोपऱ्यापर्यंत चला.

गॅसखालचं दार उघडलं. वहिनीने आत हात घातला, खटका सापडला, टक् झालं आणि दार तिच्या मांडीवर आलं. मग पिठाचं. मग चहाचं. प्रत्येक दार निघताना दादा डोळे मिटून घ्यायचा. बोंबलाचं दार निघालं तेव्हा सगळ्यांनीच मिटले. वहिनी गुडघ्यांवर पुढे सरकत होती. दारं मी भिंतीशी लावत होतो आणि मावशी, मिळाली तशी, त्यांवर बोट टेकवून कुंकवाची राहिलेली हौस भागवत होत्या. शेवटी कोपऱ्याचं दार करकरलं, एका अंगाने सैल झालं, आणि वहिनीने ते दोन्ही हातांनी उपटून काढलं.

आत पिवळा बल्ब निवांत जळत होता. त्याच्या शेजारी बरणी. वहिनीने ती काढली, फडकं सोडलं, हिंगाचा खडा बाजूला केला आणि आत चमचा घातला. आम्ही सगळे वाकलो. मसाला भुरभुरला. गाठ नाही, बुरा नाही. वैशाखात भरला तसा. वास असा सुटला की मावशी शिंकल्या.

कुणी काही म्हणायच्या आत वहिनी उठून चुलीकडे गेली होती. तिला गप्पा मारायला वेळ नव्हता.

आमच्यापुढे आता वेगळीच अडचण होती. पडवीत पाणी शिरलं होतं, तिथे मांडायची टेबलं भिजली होती, आणि गाड्यांचे दिवे वळणावर दिसायला लागले होते. माजघराची फरशीही घाम फुटल्यासारखी ओली. ताटं ठेवायची कशावर? वहिनीने भिंतीशी लावलेल्या दारांकडे एक नजर टाकली. मी आणि मावशींनी विटा आणल्या. दोन्हीकडे विटा, वर आडवी दारं, एकाला एक लागून. काटकोनात नव्हती, पण पंगत झाली.

पाहुणे बसले. रस्सा वाढला. पहिल्या घासालाच नाकं वाहायला लागली, मग भाकऱ्या मागवल्या जाऊ लागल्या. एक बाई कौतुकाने इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "फोटोत ते पांढरं किचन होतं ना? ते कुठंय?"

"त्याच्यावरच तर जेवताय," वहिनी म्हणाली आणि त्यांच्या वाटीत आणखी पळीभर रस्सा घातला.

बाईंनी ताट उचलून खाली पाहिलं. सगळ्यांनी ताटं उचलून खाली पाहिलं. मी तोंड रुमालात घातलं.

पाहुण्यांना दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर दादा बसला. त्याच्या वाट्याला कोपऱ्याचं दार आलं होतं, कडेने पुरीसारखं फुगलेलं, पट्टी लोंबणारं. त्याने ती पट्टी हळूच आत दुमडली. भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, पहिला घास खाल्ला. वहिनी पातेलं घेऊन त्याच्यासमोर उभी.

"मीठ?"

"बरुबर हाय."

"आन् मसाला?"

अख्खी पंगत ऐकत होती. दादाने दुसरा घास घेतला, चावला, गिळला.

"कोरडा हाय," तो म्हणाला, आणि वाटी पुढे केली.